शेऱ्याचा रकाना

तालुक्याच्या अभिलेख कक्षात इतिहास शोधायला कुणी येत नाही. कुणाला वाटणीचा दावा लावायचा असतो, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचं नाव हवं असतं, कुणाचा बांध शेजाऱ्याने दरसाल वीतवीत कोरत नेलेला असतो. महसूल खात्यातली माझी निम्मीअधिक नोकरी अशा लोकांसाठी बस्ते सोडण्यात आणि परत बांधून फडताळात ठेवण्यात गेली. मोडी मी नोकरीला लागल्यावर शिकले. जुन्या नकला मागणारे येत होते आणि मोडी लावणारे कारकून एकेक करून निवृत्त होत चालले होते, म्हणून साहेबांनी मला बसवलं. आता मीही निवृत्त आहे आणि लोक झेरॉक्स घेऊन घरी येतात. "ताई, एवढं जरा लावून द्या ना."

गावाचा इतिहास लिहायला घेणारा माणूस आधी गॅझेटियर उघडतो, देवळावरचा शिलालेख वाचतो, गावातल्या मोठ्या घराण्याकडे सनद आहे का विचारतो. ते करावंच. पण त्यात गावातली चारदोन घरं सापडतात. बाकीचं गाव तालुक्याच्या दप्तरात असतं, आणि तिथेही बहुतेक वेळा रजिस्टरच्या उजव्या टोकाला.

रजिस्टरचे रकाने वरून ठरून येतात. नंबर किती, क्षेत्र किती, आकार किती, खातेदार कोण. सरकारला एवढंच हवं असतं, की पैसा कुणाकडून आणि किती यायचा. गाव काही रकान्यांच्या मापाने वागत नाही. विहीर ढासळते, धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत जातो तो परतत नाही, ओढा वाट बदलतो आणि अर्धं शेत घेऊन जातो. हे बसवायला जागा नसते, म्हणून लिहिणारा ते शेवटच्या अरुंद रकान्यात कोंबतो. त्या रकान्यावर मथळा असतो 'शेरा'. मला गावांचा जो काही इतिहास कळला, तो बराचसा तिथे कळला.

या कागदांची सुरुवात बघायची तर पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जावं लागतं. १८१८ला पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला सारा नव्याने ठरवायचा होता. ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. तो इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. जमिनीच्या उत्पन्नातून शेतीचा सगळा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असं त्याने ठरवलं. तत्त्व म्हणून ते नेटकं होतं. पण कुठल्या जमिनीत किती पिकतं, बैलाला चारा किती लागतो, मजुरी काय पडते, हे सगळं गावोगाव फिरून खालच्या कारकुनांनी भरायचं होतं. त्यांनी ते भरलं. कसं भरलं ते पुढे तपासात निघालं तेव्हा खोट्या नोंदींचे ढीग सापडले. १८३०च्या सुमारास इंदापुरात हा सारा लागू झाला आणि पाठोपाठ वाईट सालं आली. जमिनी पड पडल्या, कुणबी गाव सोडून निघाले, वसुलीसाठी लोकांचा छळ झाला. मराठी मुलखातला एक तालुका नुसत्या चुकीच्या आकडेमोडीने कसा ओस पडतो, याचं हे उदाहरण आहे.

१८३५ साली एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर, या दोघांनी इंदापूर पुन्हा हाती घेतलं. निव्वळ उत्पन्नाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. जमीन किती आणि ती एकमेकींच्या तुलनेत कितपत चांगली, एवढंच त्यांनी काढलं. मग तालुक्याने मागे किती सारा खरोखर भरला आणि हवापाणी व बाजार कसा आहे, हे बघून दर बसवला आणि तो तीस वर्षं वाढणार नाही अशी हमी दिली. कुणब्याने आपल्या खर्चाने विहीर पाडली तरी तीवर कर नाही, हेही ठरलं. १८४७च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम घालून दिले गेले आणि मुंबई इलाखाभर मोजणी पसरली. तुमच्या सातबाऱ्यावर आज जो आकार रुपये-पैशांत दिसतो, त्याचं मूळ तिथलं आहे.

शेताचा सर्व्हे नंबर केवढा असावा, याचा त्यांचा हिशोब मला फार आवडतो. एका बैलजोडीने जेवढं ओढवेल तेवढा एक नंबर. हलकी जिरायत असेल तर २० एकर, मध्यम असेल तर १५, भारी काळी असेल तर १२, भातखाचर असेल तर ४. म्हणजे नकाशावरच्या त्या रेघा बैलाच्या खांद्याने ठरवल्या आहेत. मोजायला शंकू साखळी, ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, म्हणून रुपयासारखे तेही आणेच. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. तालुक्यात शेतकरी आजही एक एकर दहा गुंठे म्हणतो, हेक्टर-आर फक्त कागदावर असतं.

मोजणीपेक्षाही बघण्यासारखा कागद प्रतबंदीचा. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या गावाची प्रतबंदी मागून बघावी. एकेक शेत चौकोनी खणांत पाडलेलं असतं आणि प्रत्येक खणात आकडे लिहिलेले असतात. प्रत लावणारा कारकून त्या खणात जाऊन खड्डा घेत असे. माती पावणेदोन हात खोल, काळी, मऊ आणि एकसारखी असेल तर पहिली प्रत, १६ आणे. खोली कमी होत गेली, रंग तांबडा झाला, भरड लागली, तशी प्रत उतरते. १४ आणे, १२, १०, ८, ६, साडेचार, ३, आणि नवव्या प्रतीला २ आणे. शिवाय जमिनीचे दोष वेगळे. चुनखडी मिसळलेली, वाळू, उतार, माती न धरणारी, पाणी न जिरू देणारी, वाहत्या पाण्याने धुपणारी, वरच्या झऱ्याने उपळणारी. अशा सात दोषांसाठी सात खुणा ठरलेल्या, आणि एक खूण पडली की प्रत एकेक पायरीने खाली. एका तरुणाने मला अशा कागदाचा फोटो आणून दाखवला होता. त्याच्या शेताच्या आग्नेय कोपऱ्यातल्या दोन खणांवर उपळीची खूण होती. तो म्हणाला, "तिथं आमचा ट्रॅक्टर दरवर्षी रुततो." मी म्हटलं, हे लिहिणारा तुझ्या खापरपणजोबाच्या वेळी तिथे पाय रुतवून उभा होता.

नंतरची गोष्ट कागदांच्या जोरावर चालते. गोल्डस्मिड-विंगेटांच्या पद्धतीत जमीन खातेदाराच्या नावे झाली आणि ती विकता, गहाण टाकता येऊ लागली. सावकाराला तारण मिळालं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा इथल्या कापसाला भाव आला. उधारी सढळ झाली. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपली, १८६७च्या सुमारास इंदापूरची फेरपाहणी झाली आणि आकार चढला. इतर तालुक्यांतही तेच झालं. ओरड इतकी झाली, की १८७४ साली सरकारने मर्यादा घातली. एकूण तालुक्याची वाढ ३३ टक्क्यांवर नको, एका गावाची ६६वर नको, एका खात्याची दुपटीवर नको. तोवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला, बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. धान्य आणि कापड लुटलं गेलं हे खरं, पण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हे लोण गेलं तेव्हा लोक एकच गोष्ट मागत होते. रोखे काढा, हुकूमनामे काढा, चोपड्या काढा. ते मिळाले की जाळायचे. जीव घ्यायला सहसा कुणी गेलं नाही. ज्यांना अक्षर लागत नव्हतं, त्यांना आपला शत्रू नेमका कुठल्या फडताळात आहे ते पक्कं ठाऊक होतं.

सरकारने यावर काय केलं? आणखी कागद काढले. आयोग नेमला, साक्षी घेतल्या, आणि १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात कुणब्याने रोखा लिहून द्यायचा तर गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहून द्यावा असं आलं. त्याच वर्षी मुंबईचा जमीन महसूल अधिनियमही आला. पण जमीन प्रत्यक्षात कुणाकडे गेली आहे, गहाण कुणाकडे आहे, वहिवाट कुणाची, हे तोवरच्या महसुली रजिस्टरांत दिसतच नव्हतं. त्यांत फक्त सारा भरणारा दिसे. त्यासाठी १९०३चा हक्कनोंदणीचा कायदा आणि १९१३ची दुरुस्ती झाली, आणि हळूहळू एकेका तालुक्यात फेरफार रजिस्टर उघडलं गेलं. गाव नमुना सहा. आजच्या वाचकाला इतिहासाची खरी खाण हवी असेल तर ती इथे सुरू होते.

फेरफार हा लहानसा मजकूर असतो. वर्दी कुणी दिली, काय घडलं, कुठल्या नंबरांवर परिणाम झाला, नोटीस बजावली का, हरकत आली का, शेवटी मंजूर. एकटा वाचला तर कोरडा. पण एकाच खात्याचे फेरफार मागून पुढे ओळीने लावून वाचले की घर उभं राहतं. मी लावून दिलेल्या एका खात्याचं सांगते, नाव-गाव सोडून. पहिल्या नोंदीत खातेदार मयत, वारस तीन मुलगे, थोरल्याच्या नावापुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे दोघं अज्ञान. पुढच्या नोंदीत विहिरीसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, आणि नंबरावर बोजा. त्यानंतर बोजा फेडला म्हणून कमी केल्याची नोंद यायला हवी, ती येत नाही. येते ती थेट गहाणाची, आणि काही वर्षांनी खरेदीची. शेऱ्यात फक्त तीन शब्द, 'विहीर पाणी नाही'. एवढ्यासाठी तलाठ्याला कुणी पगार देत नव्हतं. त्याने ते का लिहिलं असेल? पुढच्या वर्षी बागायत का दाखवली नाही, असं तपासणीला आलेल्या साहेबाने विचारू नये, म्हणून. साहेबाच्या धाकाने लिहिलेले ते तीन शब्द, आणि तेवढ्यावर मला एका घराची पंचवीस वर्षं कळली.

दप्तरातल्या या नोंदी खऱ्या वाटतात, कारण त्या आपल्यासाठी लिहिलेल्या नसतात. बखरकाराला धन्याची बाजू घ्यायची असते, आत्मचरित्राला आपली. तलाठ्याला फक्त तपासणीतून सुटायचं असतं. अर्थात तोही खोटं लिहितो, पण त्याचं खोटं ओळखता येतं, कारण त्याला कारण असतं. कुळकायद्याच्या काळातले पीकपाहणीचे रकाने बघा. १९४८ला कुळवहिवाटीचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्या दोन तारखांच्या मधल्या पानांवर कितीएक ठिकाणी कसणाऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं असलेलं नाव जाऊन 'खुद्द' येतं. शेत तेच, पीक तेच, बाजरीच्या जागी बाजरीच, आणि ज्याने आयुष्यात औत धरलं नाही तो मालक अचानक खुद्द कसायला लागतो. एका ओळीत काही दिसत नाही. दहा वर्षांची पानं शेजारी ठेवली की सगळ्या गावाचं राजकारण दिसतं. कुठे उलटंही दिसतं, कुळाचं नाव कुणी खोडलं नाही आणि पुढे ते रीतसर मालक झालं. तो मालक बरा होता, की कूळ खमकं होतं, की तलाठी सरळ होता, ते पान सांगत नाही.

बाया कुठे आहेत, असं एका कॉलेजातल्या मुलीने मला विचारलं होतं. तिला मी 'इतर हक्क' बघायला सांगितलं. मालकीच्या जागी बाई येते ती विधवा म्हणून किंवा अज्ञान मुलाचं पालन करणारी आई म्हणून, अ. पा. क. या अक्षरांमागे. पण उजवीकडच्या इतर हक्कांत सावकाराचं गहाण, सोसायटीचा बोजा आणि शेजाऱ्याची पाण्याची वाट यांच्या रांगेत कधी कधी ओळ असते, अमक्या बाईचा अन्नवस्त्राचा हक्क. त्यामागे बहुतेक वेळा दावा असतो, आणि दाव्यामागे घरातून काढलेली एक बाई. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत यायला लागतात. लगोलग आणखी एक प्रकारचा फेरफार वाढतो, तो हक्कसोडीचा. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, मोबदला नाही, राजीखुशीने. १९९४ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तरी हक्कसोडी थांबल्या नाहीत. रक्षाबंधनाला काय घडतं ते कुणी लिहून ठेवत नाही, हक्कसोडीची तारीख मात्र रजिस्टरला असते.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, ते सातबाऱ्यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी दोन रजिस्टरं. एक दुमाला जमिनींचं, गाव नमुना तीन. त्यात देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणजे देवळाची आणि दर्ग्याची जमीन, आणि वर्ग ६ब म्हणजे सरकारउपयोगी कनिष्ठ गावकामगारांची वतनं, त्यांत महार वतन. सनदी कागदावर हे वतन, प्रत्यक्षात रात्री-अपरात्री टपाल न्यायचं, साहेबाचं सामान वाहायचं, मेलेली जनावरं ओढायची, आणि मोबदला म्हणून जमिनीचा असा तुकडा, की वाट्यावाट्याने तो प्रत्येकाला काही काठ्यांचाच उरावा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. १९५८च्या कायद्याने ही वतनं गेली. पण आजही अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'नवीन अविभाज्य शर्त' हा शेरा असतो आणि ती विकायला परवानगी लागते. कितीदा ती परवानगी न घेताच बळजोरीने व्यवहार झाले, तेही फेरफारांतच दिसतं.

दुसरं रजिस्टर जन्ममृत्यूचं, गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल वर्दी द्यायचा, पाटील नाहीतर कुलकर्णी लिहायचा. जन्मलेल्या मुलाला बहुधा नाव नसतंच, बाप अमुक, जात अमुक, मुलगी. म्हणून पणजीचं नाव शोधायला येणारे रित्या हाताने जातात. मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना असतो. पटकी, देवी, जुलाब, साप, बाळंत, ताप. आमच्या भागातल्या एका गावाचं १९१८चं बुक मी लावलं होतं. इन्फ्लुएंझाच्या साथीचं ते साल. भाद्रपद उलटेपर्यंत पान नेहमीसारखं, महिन्याला दोनतीन नोंदी. मग आश्विनात कारणाच्या रकान्यात 'ताप', आणि त्याखाली 'कित्ता', 'कित्ता', 'कित्ता', पान संपेपर्यंत. पान उलटलं तरी कित्ता. मधेच हस्ताक्षर बदललेलं आहे, शाई फिकी आहे, मोडी जास्त वळणाची आहे. आधीचा लिहिणारा कुठे गेला, हे मी पुढच्या पानांवर शोधलं नाही. ज्यांनी गाऱ्हाणं सांगायचं ते सगळे त्या रकान्यात आहेत, आणि त्यांच्या वतीने लिहिलेला शब्द एकच.

तालुक्याच्या मागे जायचं असेल तर पुण्याला जावं. पेशवे दप्तराची इमारत १८९१ची, आत रुमालांत बांधलेला पसारा, हजारोंच्या संख्येने. रियासतकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून ४५ खंड निवडून १९३० ते १९३४च्या दरम्यान छापले. लढाया, तह, नानासाहेब, नाना फडणीस हे सगळं त्यांत आहेच. पण त्या रुमालांत परगण्यांचे ताळेबंद आणि गावांच्या पाहण्याही आहेत, आणि त्या बघायला फार कमी लोक जातात. तिथे वर्ष लिहिलेलं सापडेल 'इहिदे सबैन मया व अलफ'. घाबरू नये. एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, आणि साल मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. क्षेत्र बिघ्यांत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर.

अशी दोन दप्तरं एकत्र आणली तर काय मिळतं, हे डॉ. हॅरल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर निवडलं आणि १९१७ला त्यावर पुस्तक काढलं. जुन्या कागदांवरून त्यांना दिसलं, की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर होतं, १८१८ला साडेसतरा, आणि १९१५च्या सुमारास ७. खातेदार १५६, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे सातशेहून जास्त. एका गावाचा दीडशे वर्षांचा हा उतार कुठल्याही लढाईच्या वर्णनात सापडला नसता. त्याच पिंपळे सौदागरात आता बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. तिथे फ्लॅट घेणाऱ्याच्या करारनाम्याच्या परिशिष्टात जुना सर्व्हे नंबर छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही. महसूल खात्यातच नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५चा, म्हणजे त्याच काळातला. गाव समजून घ्यायची दृष्टी त्या पिढीने कचेरीत बसूनच कमावली.

जे गाव आता नाहीच, त्याचाही माग दप्तरात लागतो. उजनी धरण १९८०ला पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्यात गेली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होडीतून फोटो काढायला जातात. देवळाच्या भोवतीचं गाव बघायचं असेल तर मात्र भूसंपादनाचे निवाडे काढावेत. मोबदला द्यायचा म्हणून सरकारने सगळं मोजलेलं असतं. घर धाब्याचं की कौलारू, भिंत मातीची की दगडाची, विहीर बांधीव की कच्ची, आंबे किती, चिंचा किती, बाभळी किती. कुणाच्या दारात कुठलं झाड होतं हे एवढ्या तपशिलाने प्रेमाने कुणी लिहिलं नसतं.

२०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभरातले अभिलेख उघडले. मोडी येणाऱ्यांना एकदम भाव आला. सुटीच्या दिवशी कक्ष उघडे राहिले, बस्त्यांच्या गाठी सुटल्या, पानं स्कॅन झाली. मराठवाड्यात तर निजामाच्या वेळचे उर्दू कागदही काढावे लागले. लाखो नोंदी मिळाल्या. यात राजकारण काय आणि न्याय काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात एक गोष्ट खटकली. लोक एक ओळ शोधायचे, तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारायचे, तेवढ्याचा झेरॉक्स काढून निघायचे. ज्या पानावर आपल्या पणजोबाचा जन्म लिहिला आहे, त्याच पानावर त्याच आठवड्यात गावात आणखी कोण जन्मलं, कोण गेलं, कशाने गेलं, हे बघायला कुणी थांबत नव्हतं.

म्हणून सांगते, मागायचीच तर पूर्ण पानाची नक्कल मागा. शेजारचे नंबर बघा, शेरा वाचा. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळत नसेल तर एकत्रीकरणाचं योजनापत्रक मागा, तिथे दोन्ही आमनेसामने असतात. ऑनलाइन मिळालं तर उत्तमच, पण स्कॅन करणाऱ्याने पानाचा उजवा काठ कापलेला नाही ना, ते बघा. मला असे कापलेले काठ भेटले आहेत. स्कॅन करणाऱ्याला ती जागा रिकामीच वाटली असणार.

आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हा खात्यातल्या लोकांची. कचेरीतला प्रत्येक कागद निकाली निघाला की त्यावर अक्षर पडतं. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा वर्षं, 'क' पाच, 'ड' एक. मुदत संपली की यादी होते, साहेबाची सही होते आणि कागद नष्ट होतो. जमिनीचा हक्क 'अ'मध्ये जातो म्हणून टिकतो. चारा नाही, टँकर आला नाही, रोजगार हमीवर हजेरी मांडली नाही, हे सांगणारे अर्ज खालच्या अक्षरांत पडतात आणि जातात. म्हणजे शंभर वर्षांनी १९७२च्या दुष्काळातली जमीन सापडेल, माणसाचा अर्ज सापडणार नाही. सगळं ठेवायला जागा नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण नष्ट करायच्या यादीवर सही होण्याआधी तालुक्यातल्या कॉलेजच्या इतिहासाच्या मास्तरांना एक दिवस त्या ढिगाऱ्यापाशी बसू द्यावं, त्यांनी दर गावामागे एक गठ्ठा बाजूला काढावा, आणि तो 'अ'मध्ये चढवावा. त्यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. एका कपाटाची जागा लागेल, आणि कुणीतरी मागणीचा अर्ज करायला हवा. तो मी केला आहे. तो कुठल्या अक्षरात पडेल, याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून दरवर्षी नव्याने करते.